भावाला किती ढकलायचं आणि किती सोडून द्यायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला जे कळलं ते आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे पुढचं बोलणं भलत्याच गोष्टीबद्दल होणार नाही.

तुम्ही २७ वर्षांच्या, नोकरी ऐरोलीला, घर ठाण्यात वर्तकनगरला, वन बीएचके. भाऊ २० वर्षांचा, नेरूळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, पहिल्या वर्षाच्या दोन केट्या, म्हणजे राहिलेले विषय, अजून डोक्यावर. दिवाळीनंतर कॉलेजातून डिफॉल्टर लिस्टचा, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांच्या यादीचा, फोन आला तेव्हा घरी कळलं की पोरगा तीन महिने वर्गात गेलेलाच नाही. रोज सकाळी ७.४० ला आंघोळ करून, आईनं दिलेला डबा घेऊन निघायचा, ठाण्याहून पनवेल गाडी पकडायचा आणि नेरूळला उतरायचाच नाही. पनवेलपर्यंत जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. आता घरीच असतो, दुपारपर्यंत झोपतो. मानसोपचारतज्ज्ञांनी डिप्रेशन सांगितलंय, गोळ्या सुरू होऊन पाच आठवडे झालेत. बाबा म्हणतात नाटकं आहेत, लाड बंद करा. आई दर अर्ध्या तासानं खोलीत डोकावते. तुम्ही मधे. त्याला किती ढकलायचं आणि किती सोडून द्यायचं, हा तुमचा प्रश्न. आणि शेवटी एक ओळ जरा घाईघाईत लिहिलीत: ‘कधी कधी मला त्याचा प्रचंड राग येतो.’ तिच्याकडेही येते, पण शेवटी.

मी सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे. गेली २२ वर्षं ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत पेशंटच्या घरच्यांबरोबर काम करते. औषधं लिहून देणं माझं काम नाही, आणि तुमच्या भावाला मी पाहिलेलं नाही. त्यामुळे त्याच्या आजाराबद्दल जे बोलेन ते सर्वसाधारण असेल. घराबद्दल मात्र जरा ठामपणे बोलेन, कारण घरंच पाहत आलेय. उदाहरणांमधले तपशील ओळख पटू नये म्हणून बदललेत.

सुरुवात बाबांच्या ‘नाटकां’पासून करू.

बाबांना ती ट्रेनची गोष्ट पुन्हा एकदा सावकाश सांगून बघा. आळशी मुलगा काय करतो? झोपून राहतो, नाहीतर मित्रांबरोबर सीवूड्सच्या मॉलमध्ये जातो. तुमचा भाऊ तीन महिने रोज वेळेवर उठला, आंघोळ केली, नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरच्या गर्दीत उभा राहिला, गाडीत चढला. नेरूळ आलं की उतरायचं पाऊल उचलत नव्हतं. म्हणजे रोज प्रयत्न केला आणि रोज हरला, आणि हे कुणाला सांगताही आलं नाही. नाटक करणारा माणूस प्रेक्षकांसमोर करतो. हा एकटाच करत होता, आणि तेही पनवेलपर्यंत.

आळस आणि डिप्रेशन यातला फरक घरी ओळखायचा तर मी एकच गोष्ट विचारते: आधी काय सुटलं? आळसात अभ्यास सुटतो, मजा सुटत नाही. डिप्रेशनमध्ये मजाही सुटते. टर्फवर रात्री फुटबॉल खेळणारा पोरगा ‘पाय दुखतो’ सांगून जायचं बंद करतो. आवडीची मिसळ समोर ठेवली तरी चार घास खाऊन बाजूला सारतो. यावर घरचे हमखास म्हणतात, ‘पण मोबाईल तर दिवसभर चालू असतो!’ असतो. जवळ बसून बघा, एका रीलवर तीन सेकंदही थांबत नाही, चेहऱ्यावर रेषही हलत नाही. त्याला मोबाईलचा आनंद मिळतोय असं समजू नका, तो डोक्यातला आवाज दाबतोय.

डॉक्टर निदान करतात ते असंच सगळं जुळवून: उदास मन किंवा कशातच रस न वाटणं, त्याबरोबर झोप, भूक, शक्ती, एकाग्रता, हालचाल यांतले बदल, ‘मी कुचकामी आहे’ असं वाटणं, मरणाचे विचार. अशा नऊ लक्षणांपैकी किमान पाच, किमान दोन आठवडे, आणि रोजचं जगणं अडेल इतकी. वयात येणाऱ्या मुलांमध्ये उदासीऐवजी चिडचिड पुढे येऊ शकते, विशीतही ती पुष्कळदा दिसते. म्हणून ‘रडत तर नाही, उलट खेकसतो’ हा त्याला काही झालं नसल्याचा पुरावा धरू नका. बऱ्याच जणांना सकाळ सगळ्यात वाईट जाते आणि संध्याकाळी जरा मोकळं वाटतं. आठ वाजता आईशी भांडणारा मुलगा रात्री ताईशी नीट बोलतो, आणि मग आईला वाटतं माझ्याशीच मुद्दाम करतो. मुद्दाम करत नाही. आई त्याच्या वाट्याच्या वाईट तासात खोलीत जाते, इतकंच.

पुढच्या व्हिजिटला तीन-चार गोष्टी डॉक्टरांना आठवणीनं विचारा किंवा सांगा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासलंय का. थायरॉइड मंदावलेला असला तर डिप्रेशनसारखंच चित्र दिसतं, आणि शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नेहमीचं आहे. गांजा किंवा दारू आहे का; हे तुम्ही त्याला एकटं गाठून, बाबांच्या कानावर जाणार नाही असं कबूल करून विचारा, आणि ते कबूल केलेलं पाळा. आणि घराण्यात कुणाला ‘मधेच फार चढायचं’ का: रात्र रात्र झोप नाही, अखंड बडबड, उधळपट्टी, मोठमोठे बेत, आणि मग एकदम गप्प. असा एखादा काका-मामा असेल तर डॉक्टरांना सांगणं फार गरजेचं आहे. बायपोलर आजाराची सुरुवातही पुष्कळदा डिप्रेशननं होते, आणि तिथं नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर गाडी उलट्या टोकाला जाऊ शकते. आपल्याकडे असे काका ‘जरा तापट होते’ एवढ्यावर मिटवले जातात.

आता गोळ्या. पाच आठवडे झाले आणि फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. या औषधांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण अंदाज यायला सहा-आठही. त्यामुळे अजून ‘लागू पडत नाही’ म्हणायची वेळ आलेली नाही, पण डॉक्टरांना भेटून डोस योग्य आहे का हे विचारायची वेळ नक्की आलीय. पहिली गोळी लागू न पडणं हे नवल नाही, बदलतात, वाढवतात. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं होतं आणि बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत जातं. बाबांना सवय लागायची भीती असेल तर त्यांना सांगा की सवय लागण्याचा प्रश्न असतो तो झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांचा. डिप्रेशनच्या औषधांची तशी तलफ येत नाही, दर महिन्याला डोस वाढवावासा वाटत नाही. फक्त एकदम बंद करायची नाहीत. चक्कर, बेचैनी, अंगातून करंट गेल्यासारखं वाटणं असा त्रास होतो, म्हणून हळूहळू कमी करतात. आणि बरं वाटायला लागल्यावरही किमान सहा ते नऊ महिने चालू ठेवायची असतात. माझ्याकडे परत येणाऱ्यांत मोठा गट ‘बरं वाटलं म्हणून बंद केली’ वाल्यांचा असतो.

एक गोष्ट मात्र घरातल्या मोठ्यांनी माहीत करून घ्यायलाच हवी. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००४ मध्ये लहान आणि किशोरवयीन मुलांसाठी, आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी या औषधांच्या माहितीपत्रकावर ठळक इशारा छापायला लावला: सुरुवातीच्या काळात काही जणांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. याचा अर्थ गोळ्या देऊ नयेत असा नाही. उपचार न केलेलं डिप्रेशनही धोक्याचंच असतं. अर्थ असा की पहिले काही आठवडे आणि डोस बदलल्यानंतरचे दिवस जास्त लक्ष द्यायचं. अचानक फार बेचैन झाला, एका जागी बसवेना, झोप उडाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा.

इथपर्यंत आजार. आता तुमचा खरा प्रश्न.

‘किती ढकलायचं, किती सोडायचं’ असं विचारलंत की मला दोन टोकं दिसतात आणि तुमच्या घरात दोन्ही राहतात. बाबा ढकलतात, आई उचलून धरते. गंमत अशी की झोपलेल्या मुलाला दोन्हीचा अर्थ एकच लागतो: हे सगळे माझ्याकडे बघतायत. बाबांचं बघणं रागाचं, आईचं काळजीचं. पण आहे ती पाळतच.

कोपरखैरणेच्या एका घरात मी एक प्रयोग केला होता. मुलगी १९ वर्षांची, निदान डिप्रेशनचंच. आईवडिलांना सांगितलं, रविवारी सकाळी आठ ते रात्री दहा, तिच्याशी तिच्या तब्येतीबद्दल, झोपेबद्दल, खाण्याबद्दल, अंघोळीबद्दल किंवा कॉलेजबद्दल तोंडातून वाक्य निघालं की फ्रीजवर चिकटवलेल्या कागदावर रेघ मारायची. फक्त रेघ, गप्प बसायची सक्ती नाही. रात्री ४३ रेघा निघाल्या. ‘उठलीस का’, ‘बरं वाटतंय का’, ‘थोडं तरी खा’, ‘केस तरी विंचर’, ‘आज जरा फ्रेश दिसतेस’, ‘गोळी घेतलीस?’, ‘शेजारच्या काकू विचारत होत्या’. यातलं एकही वाक्य वाईट नाही. वडील कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘मॅडम, आमचा सुपरवायझरपण एवढं विचारत नाही.’

हे नुसतं माझं निरीक्षण नाही. घरातली टीका, चिडीचं वातावरण आणि अतिकाळजीनं गुंतणं या तिन्हींचा मानसिक आजार उलटण्याशी, म्हणजे पुन्हा बळावण्याशी, संबंध असतो, हे लंडनमध्ये संशोधक जॉर्ज ब्राउन यांच्या कामापासून अनेकदा दिसलंय. डिप्रेशनबद्दल १९८९ मध्ये जिल हूली आणि जॉन टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट दाखवली. हॉस्पिटलमधून घरी जाणाऱ्या विवाहित रुग्णांना त्यांनी विचारलं, तुमचा जोडीदार तुमच्यावर किती टीका करतो असं तुम्हाला वाटतं? पुढच्या नऊ महिन्यांत कुणाचा आजार उलटेल याचा अंदाज त्या एका उत्तरावरून चांगला बांधता आला. ‘वाटतं’ हा शब्द महत्त्वाचा. आईच्या मनात टीका नसेल. ऐकणाऱ्याला ती वाटली की झाली.

मग करायचं काय? तोंडाला कुलूप लावून बसायचं का? नाही. गप्प घर त्याहून भयंकर असतं. मी सांगते ते असं: आजाराबद्दल बोलायला दिवसाची एक वेळ आणि एक माणूस ठरवा. तुमच्या घरात तो माणूस बहुधा तुम्ही, आणि वेळ रात्री जेवणानंतरची, कारण तेव्हा तो जरा मोकळा असतो असं तुम्हीच लिहिलंय. दहा मिनिटं. गोळी, झोप, डॉक्टरांची तारीख, जे काय असेल ते तेव्हाच. उरलेल्या दिवसात आईनं त्याच्याशी भाजी, पाणी, सिरीयल, गावची आत्या यांबद्दल बोलावं. आईला हे सुरुवातीला फार अवघड जाईल. तिला हातात काहीतरी काम द्या: रोज सकाळी साडेनवाला त्याच्या खोलीचा पडदा सारायचा, चहाचा कप टेबलावर ठेवायचा, ‘चहा ठेवलाय रे’ म्हणायचं आणि बाहेर यायचं. कप थंड झाला तरी पुन्हा गरम करून आणायचा नाही. उद्या पुन्हा.

पडदा आणि साडेनऊ यांमागे कारण आहे. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची बऱ्यापैकी असते. रोज एकाच वेळी उजेड डोळ्यांवर आला की शरीराचं घड्याळ हळूहळू जागेवर यायला लागतं. सात वाजता उठवायचा हट्ट आत्ता धरू नका. दुपारी एकचे साडेबारा झाले तरी या आठवड्याला पुरे.

आता ढकलण्याबद्दल. ढकलायचं, पण पायरी इतकी बुटकी हवी की तो पडणार नाही. डिप्रेशनमध्ये ‘मूड आला की करेन’ हे गणित उलटं चालतं. आधी हात हलतात, मूड मागून येतो, तोही सावकाश. म्हणून ‘जरा बाहेर फिरून ये’ हे वाक्य निरुपयोगी आहे. कुठं, किती वेळ, कशाला, कोण भेटेल, काय विचारेल, एवढे निर्णय त्यात आहेत, आणि त्याच्याकडे आत्ता एका निर्णयापुरतीही शक्ती नाही. त्याऐवजी, ‘मी खाली कोथिंबीर आणायला जातेय, पिशवी धरायला चल. पाच मिनिटं.’ काम ठरलेलं, वेळ ठरलेली, माणूस बरोबर. नाही म्हणाला तर ‘बरं’ म्हणून जायचं. तोंड पाडायचं नाही, दार आपटायचं नाही. परवा पुन्हा विचारायचं. चौथ्या-पाचव्या वेळेला येतो, माझा अनुभव आहे. लिफ्टपर्यंत येऊन परत गेला तर ते लिफ्टपर्यंत आलं, असं मोजायचं. पुढे कधीतरी उपवन तलावावर एक चक्कर होईल. संध्याकाळी उशिरा जा, गर्दी ओसरल्यावर, कॉलेजची पोरं भेटणार नाहीत अशी वेळ बघून.

आणि बाहेर गेल्यावर ‘बघ, किती बरं वाटलं ना!’ म्हणायचं नाही. हा मोह आवरा. त्याला बरं वाटलेलं नसतं, आणि आता तेही नाटक करावं लागतं.

किती ढकलायचं हे बदलतं कशावर? तो कुठल्या टप्प्यावर आहे यावर. जेवत नाही, अंघोळ आठ-आठ दिवस नाही, बोलण्यात जगायची इच्छा नाही, तेव्हा ढकलणं बंद, फक्त जवळ असणं आणि डॉक्टर. थोडं उठबस करायला लागला की रोज एक छोटं काम. आणि बरा होत आला की मात्र घरच्यांनी हात आखडायला शिकायला हवं, कारण तेव्हा आई ताट खोलीत नेत राहिली तर तोही घेत राहतो. या शेवटच्या टप्प्यात बाबांचं ‘लाड बंद करा’ थोडं खरं ठरतं. फक्त आज ती वेळ नाही, हे त्यांना पटवायचंय.

बाबांशी बोलताना ‘केमिकल इम्बॅलन्स’, मेंदूतली रसायनं बिघडलीत, वगैरे सांगू नका. शास्त्र तितकं सरळ नाही, आणि त्यांना ते पटायचंही नाही. तुम्ही लिहिलंय ते वागळे इस्टेटला कंपनीत मेंटेनन्सला होते. माझ्याकडे असेच एक फिटर बाबा यायचे, मुलाच्या नावानं रोज शंख. एकदा त्यांनाच विचारलं, मशीन ट्रिप होत असेल तर काय करता? म्हणाले, ‘आधी लोड काढतो.’ मग? ‘मग कारण शोधायचं. पुन्हा पुन्हा स्टार्टर दाबला तर मोटर जळते.’ एवढं बोलून ते स्वतःच गप्प झाले. पुढच्या वेळी आले तेव्हा म्हणाले, आता मी स्टार्टर दाबत नाही, त्याच्या खोलीत पेपर वाचत बसतो. खरंच बसायचे. रोज संध्याकाळी वीस मिनिटं, पलंगाच्या कडेला, पाठ मुलाकडे, पेपर पुढ्यात. पहिले दहा-बारा दिवस एक शब्द नाही. मग एक दिवस मुलानं मागून विचारलं, ‘कोण जिंकलं काल?’ ते सांगताना त्या बाबांचा आवाज फाटला होता. तुमच्या बाबांना भाषण देता येत असेल, पण तुमच्या भावाला आत्ता त्यांची पाठ जास्त उपयोगाची आहे.

कॉलेजबद्दल थोडक्यात. आत्ता कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका. ॲडमिशन रद्द करणं, लाइन बदलणं, ‘तुझ्याच्यानं इंजिनिअरिंग होणार नाही’ असं ठरवणं, हे सगळं आजारी डोक्यानं घेतलेले निर्णय ठरतात. डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊन तुम्ही किंवा बाबा एकदा एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, भेटा. त्याला बरोबर नेऊ नका. हजेरीबाबत काय होऊ शकतं ते कॉलेजवर आणि विद्यापीठाच्या नियमांवर अवलंबून आहे, कुठं सवलत मिळते, कुठं वर्ष जातं. वर्ष गेलं तर गेलं. २० वर्षांच्या मुलाचं एक वर्ष किती मोठं वाटतं मला माहीत आहे, कारण शेजारच्या घरातला मुलगा त्याच बॅचचा असतो. परत सुरू करताना एकच पेपर, एकच केटी. आणि नातेवाइकांना काय सांगायचं ते तिघांनी मिळून एक वाक्य ठरवा, त्याला विचारून: ‘तब्येत बरी नव्हती, ट्रीटमेंट चालू आहे.’ खोटं नाही आणि जास्तही नाही.

आता ज्याबद्दल तुम्ही लिहिलं नाही पण मनात असणार ते. त्याला सरळ विचारा. रात्रीच्या त्या दहा मिनिटांत, शांतपणे: ‘जगणं नको वाटतं का रे? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?’ विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरतो ही भीती निराधार आहे. उलट पुष्कळ मुलं सुटल्यासारखी रडतात. ‘हो’ म्हणाला तर ‘असं बोलू नये’, ‘आईचा विचार केलास का’ यातलं काही म्हणू नका. ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणा आणि पुढचं विचारा: कधीपासून, किती वेळा, काही ठरवलंय का. काही ठरवलं असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर, रात्र असेल तर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी. नुसता विचार येतो म्हणाला तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला. त्याचं उत्तर ‘नाही’ आलं तरी घरातली सगळी औषधं, बाबांच्या बीपीच्या गोळ्यांसकट, आणि झुरळ-उंदरांची औषधं आजपासून कुलपात ठेवा, आणि त्याची गोळी रोज एक-एक तुम्ही द्या. वाईट क्षण येतो आणि जातो. तो जाईपर्यंत हाताशी काही नसणं यानं जीव वाचतात. पोलीस केसच्या भीतीनं कुणी दवाखान्यात न्यायला उशीर करू नये: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. त्याच्या मोबाईलमध्ये आणि तुमच्याही सेव्ह करा. घरच्या माणसानं स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.

पैशांचं तुम्ही ओझरतं लिहिलंय. दर महिन्याची फी जड जात असेल तर उपचार तोडू नका, ठिकाण बदला. ठाण्यात १९०१ पासून सरकारी मनोरुग्णालय आहे आणि त्याची बाह्यरुग्ण सेवा तुमच्या घरापासून फार लांब नाही. ‘ठाण्याला भरती करा याला’ हा विनोद आपण ठाणेकरच इतका करतो की त्या फाटकातून आत जायला पाय धजत नाहीत. आत गेलात तर दिसेल, रांगेत तुमच्या-माझ्यासारखीच माणसं केसपेपर धरून उभी असतात. समुपदेशनासाठी डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये ठाण्यातच सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. गोळ्यांबरोबर बोलण्याचे उपचार चालू असले तर एकट्या गोळ्यांपेक्षा बरं, हे त्याच्या डॉक्टरांशी बोला.

आता तुमचा राग.

तो येणारच. तुम्ही साडेआठला निघता, कामावर दिवसभर हसरं तोंड ठेवता, घरी आल्यावर आई रडते, बाबा बडबडतात, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो ‘लाइट बंद कर’ एवढंच बोलतो. त्या वन बीएचकेत तुम्हाला स्वतःला दार लावून बसायला खोली तरी आहे का? मला वाटतं नसावी. वाईट बहिणीला त्याचा राग येत नाही, ती भाडं भरून वेगळी राहायला गेलेली असते. गेली असती तरी मी तिला वाईट म्हटलं नसतं, हा भाग वेगळा. तुम्हाला मी एवढंच सांगेन की आठवड्यातली एक संध्याकाळ घराबाहेर काढा. गडकरीला नाटक बघा, मैत्रिणीबरोबर राम मारुती रोडला उगाच दुकानं हिंडा, आणि त्या वेळी घरून फोन आला तर तातडीचं असेल तरच उचला. त्या दिवशी रात्रीची दहा मिनिटं नाही झाली तरी चालतील. आणि राग फारच आला तर त्याला सांगा, पण आजाराबद्दल नाही, वस्तूबद्दल: ‘माझा चार्जर घेतलास ते मला आवडलं नाही.’ त्यालाही बरं वाटेल. इतके आठवडे तुम्ही आणि आई त्याच्याशी हळुवार बोलताय, जणू काचेचं भांडं. भावाला बहिणीनं चार्जरवरून झापणं ही त्या घरातली गेल्या काही आठवड्यांतली सगळ्यात नॉर्मल गोष्ट असेल.

एक राहिलंच. तीन महिने तो डबा रिकामा परत यायचा, असं तुम्ही लिहिलंय. दिवसभर गाडीत बसून त्यानं तो खाल्ला असेल, किंवा पनवेलच्या प्लॅटफॉर्मवरच्या कुत्र्याला घातला असेल, किंवा कुणाला दिला असेल. त्याला एखाद्या रात्री ते विचारा. कॉलेज, गोळी, झोप काही नको, फक्त डब्याचं काय करायचास ते.